फ्लॅटमध्ये दिव्यांखाली भाजी पिकवताय? वीज आणि आगीची काळजी अशी घ्या

चार कप्प्यांचं लोखंडी रॅक, प्रत्येक कप्प्यावर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, खाली पाण्याची टाकी, टाकीत १८ वॅटचा पंप, ५ वॅटचा एअर पंप आणि २० वॅटचा एक छोटा पंखा. फ्लॅटच्या कोपऱ्यात मेथी-मोहरीचे मायक्रोग्रीन्स (कोवळी रोपं), लेट्यूस, पालक, तुळस घेणाऱ्या बहुतेकांची मांडणी साधारण अशीच असते. सगळं मिळून २०० वॅटच्या आसपास. साधी इस्त्री याच्या पाचपट वीज खाते. मग एवढी काळजी कशाला, असं कुणीही विचारेल.

इस्त्री वीस मिनिटं चालते आणि चालते तेव्हा माणूस तिच्यासमोर उभा असतो. हे रॅक मात्र रोज चौदा-सोळा तास चालतं. दुपारी घराला कुलूप असताना चालतं, कित्येकांकडे रात्री सगळे झोपल्यावरही चालतं. शेजारी पाणी, पाण्यात खताचे क्षार, हवेत सतत ओल. वीस मिनिटांत विजेचा जो सांधा (प्लग-सॉकेटचा किंवा तारेचा जोड) फक्त कोमट होऊन गार पडला असता, त्याला इथे रोज सोळा तास मिळतात.

आणि डीबीत (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत) एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. फ्लॅटमधल्या अशा मांडणीला सगळ्यात मोठा धोका ढिल्या सांध्याचा आहे, आणि तो एमसीबीला दिसतच नाही. तो माणसालाच शोधावा लागतो. हे कसं करायचं ते पुढे सविस्तर येईल, पण पायऱ्या क्रमानंच करा. भिंतीतल्या वायरिंगचं आणि डीबीचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बाकीचं सगळं तुम्हाला स्वतः करता येण्यासारखं आहे.

पायरी १: भार कागदावर मांडा

प्रत्येक वस्तूच्या लेबलवरचे वॅट आणि रोजचे तास लिहून काढा. वरच्या रॅकचे २०३ वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा नाही. पण स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा (दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या भागाचा) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा, ०.५ च्या आसपास असू शकतो, तेव्हा प्रत्यक्ष करंट दुप्पट धरून चाला: पावणेदोन अँपिअर. घरातलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. ते एवढा भार आरामात घेईल.

तासन्‌तास चालणाऱ्या भाराला मी सॉकेटच्या क्षमतेचा तीन चतुर्थांश भागच वापरते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर साडेचार, १६ अँपिअरच्या सॉकेटवर बारा. त्यापुढे जायची गरज पडली तर दुसरं सर्किट घ्यायचं.

खोली गार किंवा कोरडी ठेवायची वेळ आली की हे गणित पार बदलतं. बंद खोलीत केशर घेण्याचा प्रयोग आता महाराष्ट्रातही बरेच जण करतात. त्याला कूलिंग, डीह्युमिडिफायर, ह्युमिडिफायर असं सगळं लागतं, आणि तेही दिवसरात्र. अशा खोलीला डीबीतून स्वतंत्र सर्किट हवं, आणि घराचा मंजूर भार पुरत नसेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यायला हवा. हॉलमधल्या टीव्हीच्या बोर्डातून असली खोली चालवू नका.

सोडियम किंवा मेटल हॅलाइडचे ४००-६०० वॅटचे दिवे जुन्या सामानाच्या बाजारात स्वस्तात मिळतात. फ्लॅटमध्ये ते आणूच नका. त्यांचा बल्ब प्रचंड तापतो, पडदा किंवा प्लास्टिक टेकलं तर पेट घेतं, आणि गरम बल्बवर पाण्याचा थेंब पडला तर काच फुटू शकते. एलईडी असताना ती जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही.

पायरी २: भिंतीच्या आत काय आहे ते बघून घ्या

वायरमनला बोलवा आणि हे चार प्रश्न विचारा. रॅकचं सॉकेट कोणत्या एमसीबीवर आहे? त्या एमसीबीवर आणखी काय काय चालतं? भिंतीतली तार किती जाडीची आहे? आणि अर्थिंग खरंच आहे का?

दिवे-पंख्यांना सर्वसाधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरची तार असते, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ ची. डोंबिवली, ठाणे, पुण्याच्या जुन्या पेठा, गिरगाव, दादर अशा ठिकाणच्या जुन्या इमारतींत मात्र काय निघेल सांगता येत नाही. काही घरांत अजून ॲल्युमिनिअमच्या तारा आहेत. ॲल्युमिनिअम स्क्रूखाली हळूहळू दबतं, हवेशी संपर्क आला की त्यावर वीज न वाहणारा थर चढतो, आणि सांधा सैल होत जातो. काही घरांत एमसीबीच्या जागी किटकॅट फ्यूज आहेत आणि सारखा उडतो म्हणून त्यात कुणीतरी जाड तार घालून ठेवलेली असते. अशा घरात रॅकआधी डीबी बदला. या खर्चाला पर्याय नाही.

अर्थिंगचं दुखणं अधिक फसवं असतं. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे तार नसते. किंवा तार असते, पण खाली इमारतीची अर्थ प्लेट केव्हाच गंजलेली असते. बाजारात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो, तो घरात ठेवा. पण तो फक्त अर्थची तार जोडलेली आहे एवढंच सांगतो, ती किती चांगली आहे ते सांगत नाही. त्यासाठी वायरमनकडचं अर्थ टेस्टरचं मोजमाप लागतं. इमारतीचं अर्थिंग खराब निघालं तर विषय सोसायटीच्या बैठकीत न्या, कारण तो धोका सगळ्याच घरांना आहे.

मीटर रूममधला न्यूट्रल सैल झाला तर घरातला व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेनं चढू शकतो. ड्रायव्हर, ॲडॉप्टर तेव्हा धडाधड जळतात. डीबीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर अशा वेळी पुरवठा तोडतो. वायरमन आलेलाच असेल तर तोही बसवून घ्या.

पायरी ३: रॅकला स्वतंत्र आरसीबीओ

एमसीबी तारेला वाचवतो. तोही आपल्याला वाटतो तितक्या चटकन पडत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी मानकाप्रमाणे १८ अँपिअरवर तासभर पडता कामा नये, आणि २३ अँपिअरवर पडायला त्याला तासापर्यंत मुभा आहे. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअर गेले तर एमसीबीला पत्ताही लागत नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. आपल्याकडे अजून बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं परत येतो की नाही हे तो बघतो. फरक ३० मिलिअँपिअरला पोचायच्या आत त्यानं पुरवठा तोडायला हवा. तुमच्या डीबीत १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा असेल तर तो आग टाळण्यासाठीचा आहे, शॉकपासून तो वाचवणार नाही. त्याच्यावर छापलेला आकडा आजच वाचा.

एमसीबी आणि आरसीसीबी एकाच साधनात हवे असतील तर आरसीबीओ घ्यायचा. रॅकच्या सर्किटसाठी १० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए चा घ्या. टाइप ए यासाठी, की एलईडी ड्रायव्हरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतली गळती नेहमी साध्या एसी रूपात नसते आणि टाइप एसी ती ओळखेलच असं नाही. स्वतंत्र यासाठी, की प्रत्येक ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थला जातच असतो. आठ-दहा ड्रायव्हर, फ्रिज, वॉशिंग मशिन सगळे एकाच आरसीसीबीवर असले की तो कारण नसताना पडू लागतो. मग वैतागून कुणीतरी तो बायपास करून टाकतं, आणि अख्खं घर उघडं पडतं.

आरसीबीओवर एक छोटं टेस्ट बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो निकामी आहे असं समजून त्याच दिवशी बदलायचा.

पायरी ४: ढिला सांधा शोधा

समजा, एका प्लगमधून ६ अँपिअर जाताहेत आणि सॉकेटमधली पट्टी सैल झाल्यामुळे तिथे अर्ध्या ओहमचा विरोध तयार झाला. करंटचा वर्ग गुणिले विरोध: ३६ गुणिले अर्धा, म्हणजे १८ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही सगळी उष्णता मुगाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद डबीत तयार होते. दुकानातला २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न कथिल-शिशाचा सोल्डर सहज वितळवतो, हे लक्षात घ्या. आणि या सगळ्या वेळात सर्किटमधून करंट सहाच अँपिअर जातोय, उलट विरोध वाढल्यामुळे किंचित कमीच. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल. गळती नाही, म्हणून आरसीबीओसुद्धा गप्प.

उष्णतेनं पितळेची पट्टी आणखी सैल होते, तिचा ताण जातो, पृष्ठभाग काळा पडतो, विरोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. दोनशे वॅटच्या रॅकला यात वेळ लागतो, पण तिथेच एक हीटर किंवा डीह्युमिडिफायर जोडला की हे चक्र फार वेगानं फिरतं.

हे कसं पकडायचं? रॅक सुरू करून निदान दोन तास जाऊ द्या. मग प्रत्येक प्लगच्या प्लास्टिकवर, सॉकेटच्या पाटीवर, एक्स्टेन्शन बोर्डवर, प्रत्येक ॲडॉप्टरवर हाताची पालथी बाजू टेकवा. हात कोरडा हवा, आणि उघड्या धातूला स्पर्श करायचा नाही. ॲडॉप्टर आणि ड्रायव्हर कोमट लागणारच, त्यांचा तो स्वभाव आहे. पण या भाराला प्लग आणि सॉकेट गरम लागता कामा नये. जरा ऊब लागली तरी स्विच बंद करा, प्लग काढा आणि उजेडात धरून पिना बघा.

चांगली पीन पिवळसर किंवा चंदेरी, चकचकीत असते. तापलेली पीन तपकिरी-निळसर झालेली दिसते, बहुतेक वेळा एकच, फेजची किंवा न्यूट्रलची. तिच्या मुळाशी प्लास्टिक फुगलेलं किंवा खाली बसलेलं असतं. मग सॉकेटकडे बघा: त्याच बाजूच्या भोकाची कड पिवळी पडलेली असेल. असं दिसलं की प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. फक्त प्लग बदलला तर सैल सॉकेट नव्या पिनेचंही तेच करील.

नाकाचाही उपयोग करा. तापलेल्या स्विच-सॉकेटला जळक्या प्लास्टिकचा वास येतो, कधी मासळीसारखा. घरात मासळी आणलेली नसताना बोर्डाजवळ तसा वास आला तर तो मनावर घ्या. बोर्डातून येणारी चरचर आणि कारण नसताना मिचकावणारा दिवा, हेही त्यातलेच.

सांधे कमी ठेवणं हा खरा उपाय. परदेशी बनावटीचे दिवे दोन चपट्या पिनांचे येतात. मग कन्व्हर्टर, कन्व्हर्टर मल्टिप्लगमध्ये, मल्टिप्लग एक्स्टेन्शनमध्ये, असे भिंतीपर्यंत चार सांधे होतात आणि चारही नुसत्या वजनानं लोंबकळत असतात. त्या वायरला आयएसआय मार्कचा तीन पिनी प्लग बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायचाच तर एक, चांगला, अर्थची तार असलेला, १.५ चौरस मिलिमीटर वायरचा. एका बोर्डात दुसरा बोर्ड कधीही नको. वायर उरली तर तिची गुंडाळी करून कपाटामागे कोंबू नका, गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. स्पाइक गार्ड म्हणजे आरसीसीबी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा रॅकवर एकही नको. दमट हवेत आणि उष्णतेत पट्टीचा गोंद सुटतो. लिव्हर कनेक्टर (खटका दाबून तारा पकडणारा जोड) वापरा आणि तो झाकणाच्या डबीत ठेवा.

पायरी ५: पाणी खाली, वीज वर

हायड्रोपोनिक्सच्या (मातीविना शेतीच्या) पाण्यात आपण मुद्दाम क्षार घालतो. लेट्यूसच्या द्रावणाचा ईसी (वीज वाहून नेण्याच्या क्षमतेचं माप) १.२ च्या आसपास किंवा पुढे असतो. पालिकेच्या नळाच्या पाण्यापेक्षा हे पाणी वीज कितीतरी चांगली वाहून नेतं. शिवाय ते वाळलं तरी क्षार मागे राहतात. एक्स्टेन्शन बोर्डवर उडालेला थेंब वाळून पांढरा डाग पडतो, रात्रीच्या दमट हवेत तो डाग ओल धरतो, आणि त्यावरून बारीकसा करंट सरपटू लागतो. त्यानं प्लास्टिकचा पृष्ठभाग करपतो, करपलेल्या भागातून करंट आणखी सहज जातो आणि शेवटी तिथे ठिणगी पडते. म्हणून प्लगजवळचा पांढरा डाग धूळ समजून सोडून देऊ नका. पुरवठा बंद करून, प्लग काढून, कोरड्या कपड्यानं पुसा. आत गेला असेल तर बोर्ड बदला.

सगळे प्लग, ॲडॉप्टर, टायमर पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा वर आणि एका बाजूला, शक्यतो रॅकच्या बाहेर भिंतीवर बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. टाकी फुटली, नळी निसटली की पाणी सगळ्यात आधी तिथेच पोचतं. पाण्याकडून येणाऱ्या प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून पडेल आणि प्लगमध्ये शिरणार नाही. एवढ्याशा झोलानं बरंच काही टळतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कारण ठरलेलं असतं: पाण्यात बुडालेल्या पंपाचं इन्सुलेशन गेलेलं, पत्र्याच्या अंगात करंट उतरलेला, अर्थिंग नाही आणि माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी. आपल्या टाकीतला पंप बहुधा त्याच जातीचा असतो आणि वर लोखंडी रॅक. म्हणून रॅकच्या एका बोल्टखालचा रंग खरवडून तिथे हिरवी अर्थची तार घट्ट बसवून घ्या. आणि टाकीत हात घालण्याआधी पंपाचा नुसता स्विच बंद करून थांबू नका, प्लगच काढा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग स्विच बंद असूनही पंपापर्यंत फेज पोचलेलाच राहतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे १२ किंवा २४ व्होल्ट डीसीचा पंप, ॲडॉप्टर वर कोरड्या जागी. शॉकची भीती जवळपास संपते. आगीची मात्र संपत नाही. १२ व्होल्टवर १०० वॅटच्या पट्ट्या लावल्या तर आठ अँपिअरहून जास्त करंट जातो, आणि ॲडॉप्टरचे ते गोल जॅक साधारण पाच अँपिअरपर्यंतचेच असतात. ते वितळतात. जास्त वॅटला २४ व्होल्ट घ्या आणि जॅकऐवजी स्क्रूचे टर्मिनल वापरा.

पायरी ६: दिवे निवडताना

ऑनलाइन बाजारात तळहाताएवढी ॲल्युमिनिअमची चौकोनी चकती मिळते, वर पिवळट चीप, '५० वॅट, २२० व्होल्ट, फुल स्पेक्ट्रम' असं लिहिलेलं, दोन तारा थेट जोडायच्या. किंमत अगदी कमी. ती घेऊ नका. तिच्यात स्वतंत्र ड्रायव्हर नसतो, घरातली २३० व्होल्टची वीज सरळ त्या चकतीवरच्या उघड्या भागांवर खेळत असते, आणि मोठी हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावली नाही तर ती काही मिनिटांत भयंकर तापते. वर पाण्याचा फवारा मारणाऱ्या माणसाच्या हाताशी अशी वस्तू असणं फार वाईट.

त्यापेक्षा नामांकित कंपनीच्या साध्या २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब मायक्रोग्रीन्सना आणि पालेभाज्यांना पुरतात. ड्रायव्हरवर बीआयएसचा मार्क आणि आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. पाण्याचे तुषार उडण्याची शक्यता असेल तिथे आयपी ६५ चे दिवे घ्या. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही.

दिवा एका दोरीवर टांगू नका. दोन्ही टोकांना साखळी किंवा तार, आणि तिसरी एक सुरक्षेची तार. नायलॉनची दोरी उष्णतेनं सुटते, आणि खाली पाण्याचा ट्रे असतो. ड्रायव्हरच्या भोवती चारी बाजूंनी हवा खेळती हवी. त्याच्यावर कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) धूळ साचू देऊ नका.

पायरी ७: टायमर, पंखा आणि इन्व्हर्टर

एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात. आठ-दहा ड्रायव्हर एकाच टायमरवर असले की रोजच्या त्या धक्क्यानं टायमरचे संपर्कबिंदू चिकटून बसतात आणि दिवे बंदच होत नाहीत. टायमरवर '१६ अँपिअर' लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या भारासाठी. थोडे दिवे असतील तर चालेल. जास्त असतील तर टायमरनं कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) चालवा आणि कॉन्टॅक्टरनं दिवे. मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग सोयीचा, पण त्यालाही हीच मर्यादा.

वेळ पहाटे सहा ते रात्री आठ अशी लावा. झाडांना अंधार हवाच असतो, आणि घरात माणसं जागी असतानाचे तास त्यात जास्तीत जास्त येतात.

छोटा पंखा धुळीनं अडकला तर मोटर तापत राहते. महिन्यातून एकदा साफ करा.

इन्व्हर्टरवर रॅक घेऊ नका. आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा: मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर वीज असते. मेन पाडून 'आता वीज गेली' असं समजून बोर्ड उघडणं जीवावर बेतू शकतं.

पायरी ८: रॅकभोवती काय ठेवलंय?

ओलं कोकोपीट पेटत नाही. कोरडं कोकोपीट मात्र ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसतं, तास न्‌ तास. वरून विझल्यासारखं वाटतं आणि आत धग असते. पोती रॅकखाली किंवा ॲडॉप्टरजवळ रचू नका, आणि कधी धुमसलंच तर बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, नुसतं शिंपडून भागत नाही.

कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट स्वतः जळत नाहीत, पण दुसऱ्याच्या आगीला ऑक्सिजन पुरवतात. घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या जागी, कोकोपीट, कागद, तेल आणि सॅनिटायझरपासून लांब ठेवा. ट्रे निर्जंतुक करायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर फवारताना दिवे, पंखा, पंप सगळं बंद, खिडकी उघडी, आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा सुरू.

देवघर, समई, उदबत्ती रॅकपासून दूर. चंदेरी फॉइलचे, कापडी तंबू वापरत असाल तर त्यात अर्धवट विझलेली काडीसुद्धा जाता कामा नये. उंदीर वायर कुरतडतात आणि पाली बोर्डात शिरतात, तेव्हा बोर्डाची रिकामी भोकं बंद करा.

आणि रॅक दाराच्या वाटेत नको. बाल्कनीला बॉक्स ग्रील आणि मुख्य दाराशी रॅक, अशी मांडणी मी पुष्कळ घरांत बघते आणि प्रत्येक वेळी मनात धस्स होतं. तिथे आग लागली तर घरातल्या माणसांना बाहेर पडायला जागाच उरत नाही. ग्रीलला उघडणारी खिडकी ठेवा, तिची किल्ली सगळ्यांना माहीत हवी. जिन्यात, पॅसेजमध्ये, मीटर रूममध्ये, इलेक्ट्रिक डक्टमध्ये किंवा रेफ्युज एरियात ट्रे, पोती, रिकामे कॅन ठेवू नका.

पायरी ९: धुराचा अलार्म, अग्निशामक आणि बाहेर पडण्याची सवय

बॅटरीवर चालणारा फोटोइलेक्ट्रिक स्मोक अलार्म धुमसणारी आग लवकर पकडतो. एक रॅकच्या खोलीत छताला, एक झोपायच्या खोल्यांबाहेर. ह्युमिडिफायरच्या वाफेच्या झोतात बसवू नका, उगाच वाजत राहील आणि मग बॅटरी काढून ठेवली जाईल.

अग्निशामक २ किलोचा एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा. पावडर बहुतेक घरगुती आगींना चालते, पण नंतर उपकरणांत शिरलेली पावडर साफ करणं कठीण. कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवत नाही, पण बंद खोलीत वापरल्यावर तिथे थांबायचं नाही, कारण तो हवेतला ऑक्सिजन हटवतो. कोणताही घ्या, पण तो रॅकशेजारी न ठेवता खोलीच्या दाराबाहेर टांगा. आग लागल्यावर तिच्या जवळ जाऊन तो काढावा लागू नये.

आग दिसली तर पाणी ओतायचं नाही. मेन बंद, इन्व्हर्टर बंद. ज्वाळा लहान असेल, धूर कमी असेल आणि तुमच्या पाठीशी दार असेल तरच अग्निशामक वापरा: पीन काढा, नळी आगीच्या मुळाकडे, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. २ किलोचा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पडा, खोलीचं दार ओढून घ्या, शेजाऱ्यांची दारं वाजवा, जिन्यानं उतरा आणि १०१ ला फोन करा. ११२ सुद्धा चालतो. लिफ्ट वापरायची नाही. काहीही आणायला परत आत जायचं नाही.

कुणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं वायर बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. घरात दोन माणसांनी तरी सीपीआर शिकून घ्यावा असं मी मनापासून सांगते.

सोसायटीच्या अग्निशमन यंत्रणेचं काय चाललंय तेही विचारा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं बी फॉर्म प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते दिलं गेलंय का हे विचारायचा रहिवासी म्हणून तुम्हाला अधिकार आहे. भाड्याच्या घरात असाल तर डीबीत बदल करण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

पायरी १०: नियमित तपासणी

दर आठवड्याला, पाणी बदलायच्या दिवशी, पालथ्या हाताची तपासणी करा आणि पांढरे डाग बघा. दर महिन्याला आरसीबीओचं बटण, स्मोक अलार्मचं बटण, पंख्याची सफाई, अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते (कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन तपासून घ्यावं लागतं). वर्षातून एकदा वायरमनकडून डीबीतले आणि सॉकेटमधले स्क्रू आवळून घ्या. मे अखेरीस, पावसाच्या आधी करून घेतलेलं बरं.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत भिंतींना ओल येते. ओल असलेल्या भिंतीवरचं सॉकेट रॅकला वापरू नका. बोर्डात तांबं हिरवं पडतं आणि सांधे बिघडतात. आरसीबीओ पावसात वारंवार पडू लागला तर तो खराब झालाय असं समजून बदलण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा. सगळे प्लग काढा, आरसीबीओ वर करा, मग एकेक प्लग लावत जा. ज्या प्लगनं पडतो तो दोषी. बहुतेक वेळा पंप. आणि एकही प्लग नसताना पडत असेल तर दोष भिंतीत आहे, तेव्हा वायरमन येईपर्यंत तो वर करू नका.

गणपतीला किंवा दिवाळीत गावाला जाताना एक-दोन दिवसांसाठी टायमरवर सोडून जाण्याचा मोह होतो. मायक्रोग्रीन्स असतील तर निघण्याआधी कापून फ्रिजमध्ये ठेवा आणि ट्रे रिकामे करा. लेट्यूसची मुळं द्रावणात असतील तर टाकी भरून, रोपं खिडकीच्या उजेडात सरकवून, पंपासकट सगळं बंद करा; दोन दिवसांत ती मरत नाहीत. आठवडाभर जायचं असेल आणि पीक ठेवायचंच असेल तर शेजारच्या एखाद्या काकू-काकांना रोज सकाळ-संध्याकाळ येऊन पाच मिनिटं बघायला सांगा. त्यांना डीबीतला रॅकचा आरसीबीओ दाखवा, त्यावर ठळक अक्षरात 'रॅक' असं लिहून ठेवा, अग्निशामक कुठे आहे ते दाखवा, आणि वास आला किंवा तो पडलेला दिसला तर वर न करता तुम्हाला फोन करायला सांगा. तशी सोय नसेल तर रॅकचा आरसीबीओ खाली करून मगच कुलूप लावा.